मल्हाररावांना मुलगा होता

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत बडोद्याच्या १८७५ च्या गादीबदलावर अर्धे पान दिलेत. इंग्रज सरकारने महाराज मल्हारराव गायकवाडांना काढले आणि मालेगावजवळच्या कवळाण्याचे गोपाळराव दत्तक जाऊन सयाजीराव झाले, तोच हा गादीबदल. त्या कवळाण्याची आठवण ठेवलीत, त्याबद्दल आभार. पण ‘मल्हारराव निपुत्रिक असल्याने जमनाबाईंनी दत्तक घेतला’ हे वाक्य छापण्याआधी कोणीच कसे अडवले नाही? मल्हाररावांना मुलगा होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या पोटी तो १८७४ साली जन्मला आणि बाप पदच्युत झाला तेव्हा वर्षाचाही नव्हता. हा मुलगा कथेतून काढला की उरलेले सगळे सोपे होऊन जाते: गादी रिकामी, राणी विधवा, खेड्यातून एक हुशार पोरगा येतो आणि राजा होतो. तसे घडलेले नाही. एका तान्ह्या मुलाचा दावा बाजूला सारावा लागला, तेव्हा कवळाण्याचा रस्ता मोकळा झाला.

दावा बाजूला कसा सारला, हेच लेखात यायला हवे होते. लक्ष्मीबाईंचे आधी एक लग्न झालेले होते असा आक्षेप होता. मल्हाररावांशी त्यांचा विवाह १८७४ मधलाच, आणि मूल झाले ते लग्नानंतर काही महिन्यांतच. बडोद्यातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, रेसिडेंट कर्नल फेअर यांनी या विवाहाला मान्यता देण्याचे टाळले, तेव्हाच मुलाच्या औरसपणाचा प्रश्न उभा राहिला होता. पण १९ एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्याने त्या प्रश्नाचा निवाडा करण्याची गरजच ठेवली नाही. मल्हारराव आणि त्यांची संतती यांचे बडोद्याच्या राज्यावरचे सर्व हक्क त्यात एकत्रच काढून घेतले. मुलगा औरस की अनौरस, हे कोणत्याही न्यायासनापुढे ठरले नाही. बापाच्या कारभाराची शिक्षा पाळण्यातल्या पोराला लागली, ती एका कलमाने.

मल्हाररावांवर या फेअरसाहेबांना विष देण्याच्या प्रयत्नाचा आरोप होता. त्याच लेखात ‘विषप्रयोग सिद्ध झाल्याने पदच्युत’ असेही छापले आहे. तेही खरे नाही. चौकशी आयोगात सहा जण होते. सर रिचर्ड कौच, सर रिचर्ड मीड आणि मेलव्हिल हे तिघे इंग्रज. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव हे तिघे आपले. इंग्रज तिघांनी दोषी धरले, आपल्या तिघांनी आरोप शाबीत मानला नाही. तीन विरुद्ध तीन झाल्यावर व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या सरकारने विषाचा आधारच सोडून दिला आणि बेबंद कारभार, गैरवर्तन व सुधारणा करण्याची असमर्थता ही कारणे जाहीरनाम्यात घातली. शाबीत न झालेला गुन्हा दीडशे वर्षांनंतर आपण पुन्हा त्या माणसाच्या माथी मारायचा का?

आता जमनाबाई. त्या आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा, मल्हाररावांच्या भावजय. खंडेराव नोव्हेंबर १८७० मध्ये वारले तेव्हा त्या गरोदर होत्या, म्हणून मल्हाररावांना गादी मिळाली तीही अटीवर. मुलगा झाला असता तर गादी त्याची होती. जुलै १८७१ मध्ये मुलगी झाली, ताराबाई, आणि मल्हारराव कायम झाले. चार वर्षांत एकाच गादीचा निकाल दोनदा बाळंतिणीच्या खोलीपाशी अडला होता, आणि आपल्या लेखात दोन्ही बाळांचा पत्ता नाही.

दत्तकाची बाजू तर याहून नाजूक आहे. १८६२ च्या व्हाइसरॉय कॅनिंगसाहेबांच्या सनदांनी संस्थानिकांना दत्तकाची हमी दिली ती राज्यकर्त्याने स्वतः घेतलेल्या दत्तकापुरती. विधवेने, नवरा वारल्यावर साडेचार वर्षांनी, मधल्या काळात दिराने गादी भोगलेली असताना घेतलेला दत्तक त्या हमीत बसत नव्हता. म्हणून जमनाबाईंना सरकारची वेगळी परवानगी लागली. आपल्याकडच्या एखाद्या पाटीलकीत हेच झाले असते, म्हणजे थोरल्याचे वतन धाकट्याकडे गेल्यावर थोरल्याच्या विधवेने दत्तक आणून ते परत मागितले असते, तर भाऊबंदांनी दिवाणी कोर्टात तिला आयुष्यभर फिरवले असते. बडोद्यात ते झाले नाही, कारण धाकट्याचा आणि त्याच्या मुलाचा हक्क सरकारने आधीच पुसला होता. दत्तकाने कोणाकडून काही हिसकावले असे कागदोपत्री उरलेच नाही.

मग मुलगा कसा निवडत? वाटेल तो पोरगा चालत नसे. तो घराण्यातला, त्याच गोत्राचा लागे. कवळाण्याची शाखा गायकवाडांचे पूर्वज पिलाजीराव यांचे पुत्र प्रतापराव यांची, म्हणजे राज्य करणाऱ्या दमाजीरावांच्या सख्ख्या भावाची. मूळ पुरुषापर्यंत वंशावळ जोडून दाखवावी लागे, आणि भाऊबंदकीत पहिला घाव तिथेच बसे, कारण एक पिढी अनौरस ठरली की पुढचे सगळे गळत. एकुलता एक मुलगा देणे शास्त्राला रुचत नाही. गोपाळरावांचे वडील काशीराव यांना आनंदराव, गोपाळराव आणि संपतराव असे तिघे होते, त्यामुळे ती अडचण आली नाही. विधवेला नवऱ्याची आज्ञा हवी हा तेव्हा बंगालकडचा नियम होता. मुंबई इलाख्यात तिला त्याशिवाय दत्तक घेता येत असे. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे देणे आणि घेणे प्रत्यक्ष व्हावे लागते. जन्मदात्याने हातावर पाणी सोडून मुलगा द्यायचा, घेणारीने मांडीवर घ्यायचा, नवे नाव ठेवायचे. सगोत्र दत्तकात होम राहिला तरी एकवेळ चालते. देणे-घेणे राहिले तर दत्तकच उभा राहत नाही. २७ मे १८७५ रोजी गोपाळरावांचे सयाजीराव झाले ते या क्रियेने. त्या क्षणापासून काशीराव कायद्याने त्यांचे वडील उरले नाहीत, आणि आनंदराव-संपतरावांना भावाच्या नात्याने गादीवर बोट ठेवता येणार नव्हते.

आपल्या लेखाचा निम्मा भाग मात्र ‘इथे कशाला आलास?’ या प्रश्नाला गोपाळरावांनी दिलेल्या ‘मी राज्य करायला आलो’ या उत्तरावर खर्ची पडला आहे. पोरगा धीट होता, मला त्याचा अभिमान आहे. बारा वर्षांच्या, अक्षरओळख नसलेल्या मुलाने पुढे जे राज्य केले त्याला तोड नाही. पण बाणेदार उत्तराने वारसाहक्क मिळत नसतो. उत्तर कितीही चोख असते आणि प्रतापरावांपासूनची वंशावळ तुटकी निघाली असती, तर गोपाळरावांना परत नांगर धरावा लागला असता. तिघे भाऊ ‘६०० किलोमीटर पायी’ गेल्याचेही आपण ठोकून दिले आहे. मालेगावहून धुळे, नवापूर, सुरत असे आजच्या रस्त्याने गेले तरी बडोदा साडेचारशेच्या आत येते. शिवाय मनमाडला तेव्हा आगगाडी येत होती आणि मुंबई-बडोदा रूळही पडलेला होता.

आणखी एक. सयाजीरावांचा जन्म ‘नाशिक जिल्ह्यात’ झाल्याचे ठळक चौकटीत दिले आहे. नाशिक जिल्हा १८६९ साली झाला. मालेगाव, बागलाण आणि नांदगाव हे तालुके तोवर खानदेशात होते. मार्च १८६३ मध्ये कवळाण्यात जन्मलेला मुलगा खानदेश जिल्ह्यात जन्मला. गायकवाडांचे पहिले ठाणे सोनगड, तेही आमच्या नवापूरच्या पलीकडे लागूनच. धुळे, जळगाव, नंदुरबारला अंक विकायचा आणि खानदेशच्या वाट्याचे एवढे एक वाक्यही दुसऱ्या जिल्ह्याच्या नावावर लिहायचे, हे इथल्या वाचकांना टोचते. आजचा पत्ता द्यायचा तर ‘आता नाशिक जिल्ह्यात’ असे लिहावे.

दुरुस्ती छापणार असाल तर ती आतल्या पानाच्या तळाशी दोन ओळींत नको. लेख पुरवणीच्या पहिल्या पानावर होता, तिथेच हवी. मल्हारराव १८८२ मध्ये मद्रासला नजरकैदेत वारले. त्यांच्या मुलाचा उल्लेख त्या दुरुस्तीत पहिल्या ओळीत यावा, एवढी विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, धुळे