अण्णांच्या कपाटांचं काय करायचं?

प्रिय दिन्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. माझी शुगर आटोक्यात आहे, हिचे गुडघे होते तसेच. फोनवर मी अर्धं वाक्य बोलतो न बोलतो तोच तू तुझं पुराण लावतोस, म्हणून कागद घेतला.

ठाकूरद्वारची चाळ अखेर बिल्डरच्या घशात चालली. अण्णांच्या वाचनालयाची खोली रिकामी करायचीय. पोपट म्हणाला, "काका, रविवारी रद्दीवाला येतोय, काय हवं ते उचला." तीन भिंती भरून मोहिनी, नवल, हंस, किर्लोस्करचे जुने अंक आणि खालच्या फळीवर अख्खे बाबूराव अर्नाळकर. त्या माणसानं हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यातल्या निम्म्या तरी अण्णांकडे असाव्यात, आणि त्यातल्या निम्म्या आपण दंड बुडवून वाचल्या. त्यांच्या नायकांत तू झुंजारवाला, मी धनंजयवाला. काळापहाडावर आपलं एकदाच एकमत झालं होतं, तेही मध्याला खोटं पाडायला.

एक अर्नाळकर उघडला तर पहिल्याच पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं, 'खुनी दिवाणजी'. लेका, तुझा 'ख' अजून 'र' आणि 'व' असा सुटा पडतो, त्यामुळे मी आधी 'रवुनी' वाचलं. इतकी वर्षं तू ते पाप मध्याच्या माथी मारलंस, आणि बिचाऱ्याची वर्गणी अण्णांनी बंद केली! त्याला फोटो पाठवलाय. आता तुझं तू बघ.

पण खरी गोष्ट कागदाची आहे. हे सगळं स्वस्तातल्या वर्तमानपत्री कागदावर छापलेलं. त्यात लाकडातलं लिग्निन तसंच राहतं, त्यानं कागद पिवळा पडतो, आणि आम्ल त्याला आतून खात राहतं. वर आपल्या गिरगावची दमट हवा आणि कसर. पान उलटलं की कोपरा खारीसारखा हातात येतो. अण्णांनी तर क्रमशः कादंबऱ्यांचे हप्ते अंकांतून कापून, दाभणानं शिवून, वर खाकी पुठ्ठा लावून वेगळी पुस्तकं केलीत. तेव्हा वाचकांची सोय झाली, पण आता अंक भोकाभोकांचे झालेत. तरी त्या शिवलेल्या गठ्ठ्यांत उलट्या बाजूला केसांच्या तेलाच्या जाहिराती आणि अर्धवट शब्दकोडी सापडतात. मी दुपारभर तीच वाचत बसलो.

एका मोठ्या ग्रंथालयात विचारून आलो. दिवाळी अंक ठेवू म्हणाले, रहस्यकथा नकोत, साहित्यिक मूल्य नाही. माझं डोकंच फिरलं. हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये 'करमणूक' काढलं, ते नाव तरी काय सांगतं? 'पण लक्षात कोण घेतो' त्याच साप्ताहिकातून हप्त्याहप्त्यानं आली. 1895 मध्ये इथे मुंबईत का. र. मित्रांनी मासिक सुरू केलं, त्याचं नाव 'मनोरंजन'. त्याच मनोरंजनानं 1909 मध्ये मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. म्हणजे ज्याला हे लोक काचेच्या कपाटात ठेवणार, तो जन्मला करमणुकीच्याच पोटी! हे मी तिथल्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, जागा नाहीये." त्यांचंही चुकलं नाही म्हणा. दादरला बेडरूमचा भाव काय आहे, तुला ठाऊक आहे.

साहेबाकडेही रडगाणं हेच. अमेरिकेत 'आर्गोसी' मासिक 1896 मध्ये दहा सेंटांत जाडजूड अंक द्यायला लागलं, ते असल्याच लगद्याच्या कागदावर. लगदा म्हणजे पल्प, म्हणून असल्या कथांना सगळं जग पल्प म्हणतं. विलायतेत पोरांचं 'मॅग्नेट' साप्ताहिक 1908 ला निघालं आणि 1940 ला युद्धातल्या कागदटंचाईनं बंद पडलं. मग युद्धासाठी लोकांनी जुनी मासिकं रद्दीत दिली. पण उरलेले अंक तिकडच्या हौशी लोकांनी शोधून काढले, जसेच्या तसे पुन्हा छापूनही घेतले. आपल्याकडे हौशी म्हणजे तू, मी आणि पुलाखालचा तो कानडी दुकानदार. तो किलोवर मागतोय!

मुलगा म्हणतो स्कॅन करा. करायचंय, पण यंत्रावर उलटं दाबलं की बांधणी मोडते. वरून मोबाइलनं एकेक पान टिपावं लागेल, त्याला सहा महिने तरी जातील. तोवर ठेवू कुठे? आमच्या बोरिवलीच्या घरात एक कपाट आणलं तर आमच्यापैकी एकाला बाहेर झोपावं लागेल, आणि कोणाला ते हिनं आधीच सांगितलंय.

नाशिकला तुझा वरचा मजला रिकामा आहे. हवा कोरडी, कागदाला मुंबईपेक्षा बरी. टेम्पोचं भाडं मी देतो. वहिनींना मीच विचारू का? तू विचारलंस तर नाहीच म्हणतील. आणि हो, मनूला एमएस्सीला प्रवेश मिळाला ते ऐकलं, तिला आशीर्वाद. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी आहे ते कळव, आणि त्याआधी अंक बघायला येऊन जा. नंतर डॉक्टर वाचू देणार नाहीत.

शनिवारपर्यंत हो की नाही ते सांग. नुसता अंगठा पाठवलास तर झुंजार अख्खा रद्दीत घालीन आणि धनंजय तेवढा ठेवीन.

तुझा,
बाळ्या