एक्सेल शीटवर लाल शाई

गुहागर,
12 डिसेंबर

चि. नीरज यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं अंदमानचं एक्सेल शीट मोबाइलवर मला काही धड दिसेना. डावीकडे सरकवलं की वेळ जाते, उजवीकडे सरकवलं की तारीख जाते. शेवटी नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं आणि जुन्या सवयीने लाल पेन घेऊन बसले. फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू "हो आई, हो आई" म्हणतोस आणि मागे कीबोर्डचा आवाज चालू असतो. म्हणून पत्र.

दिवाळीत मैथिली माझ्यासमोरच म्हणाली होती, "एकदा कुठेतरी निवांत जाऊ या, छोट्याशा बेटावर." तुझ्या शीटमध्ये पाच रात्री आहेत, सहा दिवस आहेत, अकरा ठिकाणं आहेत. पहाटे चारचा गजर तीन वेळा आहे. निवांत कुठे आहे ते मला सापडलं नाही.

लग्नाला दोन वर्षं झाली तुमच्या. पहिली दिवाळी तिच्या माहेरी, दुसरी इकडे, मे महिना आंब्यांसाठी, गणपती आहेतच, मध्ये बाबांचं मोतिबिंदूचं ऑपरेशन. तुमच्या सगळ्या रजा आम्हीच खाल्ल्या. लग्नानंतर लगेच जाणार होतात, तेव्हा तुझं ऑफिस आडवं आलं. तेव्हा ही तुमची पहिलीच सहल. ती सगळ्यांच्या मागच्या रजांची भरपाई करणारी नको, एवढंच माझं म्हणणं. आता खोडाखोड बघ.

बारातांग मी पूर्ण खोडलं आहे. चुनखडीच्या गुहा आहेत, चिखलाचा ज्वालामुखी आहे, हे खरं. पण तिकडे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या अडवून ताफ्याने सोडतात, मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. आम्ही 2019 साली गेलो तेव्हा आमच्या बसमधली चांगली शिकलेली माणसं काचेला नाक लावून "दिसले का, दिसले का" करत होती. मीसुद्धा एकदा मान वळवली. आजही आठवलं की ओशाळं वाटतं. तुम्ही जाऊ नका.

हॅवलॉक बेटावरही काट मारली आहे, पण तिथे हात थोडा थरथरला. राधानगरचा किनारा खरंच सुंदर आहे. तरी दोन बेटं म्हणजे दोनदा सामान बांधणं, दोनदा धक्क्यावर रांग, दोनदा हॉटेलच्या काउंटरवर आधारकार्ड. हॅवलॉक कुठे जात नाही, पुढच्या खेपेला करा.

उरलं नील बेट. तू त्याला पाचव्या दिवशी सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन एवढी जागा दिली आहेस. आमच्या सहल कंपनीने तर तीनच तास दिले होते. चाळीस माणसं, एक शिट्टी. भरतपूरच्या किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या होडीत बसवलं, तिथून खडकाच्या नैसर्गिक पुलाशी नेलं, तिथून जेवायला, आणि परत धक्क्यावर. बाबांनी चपला काढून पाण्यात पाय घातला आणि शिट्टी झाली. त्या दिवसापासून माझ्या मनात आहे की इथे कुणीतरी आपलं माणूस राहायला जावं. तर तीन रात्री नीलला राहा. पहिली आणि शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला, मधल्या तीन नीलवर. झालं तुझं शीट.

"तीन दिवस तिथे करायचं काय?" हा तुझा प्रश्न मला इथे ऐकू आला. बाबांनीही तोच विचारला. सांगते.

बेट एवढंसं आहे की धक्क्यापासून सीतापूरच्या टोकापर्यंत जेमतेम पाच किलोमीटर. सायकली भाड्याने मिळतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सुपारी, केळी, भाजीचे मळे. आजूबाजूच्या बेटांना भाजी इथूनच जाते. 1960च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने इथे जमिनी दिल्या, त्यांची ही वस्ती. घरात बंगाली बोलतात, बाहेर हिंदी. आणि गावांची नावं बघ: सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर. समुद्राच्या मध्यावर अख्खं रामायण मांडलं आहे. मैथिलीला सांग, तुझ्या नावाचं गाव आहे, आणि सूर्योदय तिथूनच बघायचा असतो. फक्त वनवास, राम वगैरे विनोद करू नकोस, तुझ्या सासऱ्यांनी ते लग्नातच करून संपवले आहेत.

इतिहासाच्या बाईला राहवत नाही म्हणून एवढं ऐकून घे. या बेटाचं नाव जनरल नीलवरून पडलं. 1857 मध्ये अलाहाबाद आणि कानपूरला ज्याने माणसं झाडांना टांगली, तोच हा नील. जनरल हॅवलॉकही त्याच मोहिमेतला. डिसेंबर 2018 मध्ये नीलचं शहीद द्वीप आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, आणि 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. बोलण्यात जुनी नावं अजून आहेत, माझ्याही तोंडी तीच बसली आहेत, पण तिकिटांवर नवी दिसली तर गोंधळू नकोस.

पहिल्या दिवशी विमान दुपारच्या आत उतरेल. संध्याकाळी सेल्युलर जेल बघा. ते मी खोडलेलं नाही आणि खोडणार नाही. पाकळ्यांसारख्या सात इमारतींतल्या आता तीनच उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी बघताना सगळे गप्प होतात, पण बाबाराव सावरकरही याच तुरुंगात होते आणि दोघे भाऊ एका भिंतीच्या आत असून कितीतरी काळ एकमेकांना भेटू शकले नाहीत, हे मैथिलीला तू सांग. कैद्यांकडून तेल गाळून घ्यायचे तो कोलूही बघा. जेल बघून आल्यावर त्या रात्री दुसरं काही ठरवू नका. जेवा आणि झोपा.

दुसऱ्या दिवशी सकाळची बोट. सरकारी बोटीला दोनएक तास लागतात, खासगी लवकर पोहोचते. बोटीची तिकिटं विमानाच्या पाठोपाठ काढ, फेब्रुवारीत गर्दी असते. ओळखपत्र मूळ हवं. मैथिलीला वरंधा घाटात काय झालं होतं ते आठव आणि बोट लागू नये म्हणून डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यायला लाव. उपाशी बसू नका आणि मिसळ खाऊनही बसू नका. परतताना मात्र विमानाच्या आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअरला या. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि विमान आपल्यासाठी थांबत नाही. तू परतीची बोट आणि विमान एकाच दिवशी ठेवलं होतंस, तिथे मी दोन वेळा अधोरेखित केलं आहे. त्या शेवटच्या दुपारी वेळ उरला तर समोरचं रॉस बेट बघा. इंग्रजांचे बंगले वडाच्या मुळांनी गिळले आहेत आणि मधून हरणं फिरतात. नाही गेलात तरी चालेल.

आता घड्याळाचं. नील आपल्यापासून रेखांशाने वीस अंश पूर्वेला आहे. अंशाला चार मिनिटं धर. म्हणजे घड्याळ तेच, पण सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तासाहून थोडा जास्तच आधी येतो आणि जातो. फेब्रुवारीत संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला सूर्य बुडतो. तू लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर "सूर्यास्त, 6.30" लिहिलं आहेस. साडेसहाला तिथे काळोख असेल आणि तुम्ही दोघं टॉर्च शोधत असाल. चारलाच जाऊन बसा.

नैसर्गिक पूल ओहोटीलाच नीट बघता येतो. भरतीत तिथपर्यंत खडकांवरून चालताच येत नाही. तुझे आजोबा पाऊणकीच्या पाढ्यावर भरती सांगायचे, तुला शिकवलं होतं मी. तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. ते गणित तिकडे लावू नकोस, ते आपल्या किनाऱ्याचं आहे. तिथल्या वेळा हॉटेलवाल्याला नाहीतर होडीवाल्याला विचार. पण एक गोष्ट दोन्हीकडे खरी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि ओहोटीला उतरतंही जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा समुद्र फारसा मागे हटत नाही. तारखा अजून पक्क्या नसतील तर माघी पौर्णिमेच्या आगेमागे बसव. पाणी खूप मागे गेलं की खडकांतल्या डबक्यांत समुद्रकाकडी, निळे-पिवळे मासे, जिवंत प्रवाळ, सगळं गुडघाभर पाण्यात बघायला मिळतं. पाय प्रवाळावर ठेवायचा नाही. मऊ रबरी तळाचे बूट घाला, स्लिपरने पडाल.

आणि काहीही उचलायचं नाही. एक शंखसुद्धा नाही, मेलेल्या प्रवाळाचा तुकडासुद्धा नाही. कायद्याने बंदी आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात. मुद्दाम लिहिते आहे, कारण तिसरीत असताना तू कपाटात लपवलेल्या शंखात खेकडा होता आणि आठ दिवस आम्ही मेलेला उंदीर शोधत होतो.

स्कूबाबद्दल. तुला करायचं असेल तर अवश्य कर, पण नीलवरच्या पहिल्याच दिवशी आटप. पाण्याखाली गेल्यावर निदान चोवीस तास विमानात बसू नये. मैथिलीला पाण्याची भीती आहे हे मला कळलं आहे, तुला कळलं आहे का माहीत नाही. गेल्या मे महिन्यात सगळे पाण्यात होतात तेव्हा ती घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून माझ्याशी वांग्याच्या भरताबद्दल बोलत होती. लाटेकडे मात्र सारखं लक्ष होतं तिचं. तिच्या नावचं स्कूबाचं बुकिंग मी खोडलं आहे. तिला विचार, आणि ती "बघू" म्हणाली तर त्याचा अर्थ "नको" असा घे. भरतपूरला पाणी उथळ आणि शांत असतं, तिथे हात धरून कमरेएवढ्या पाण्यात उभे राहा. तेवढं पुरे.

थोडी रोकड जवळ ठेव, बेटावर एटीएमच्या भरवशावर राहू नको. चेन्नईहून समुद्राखालून केबल 2020 साली पोहोचली, त्यामुळे नेट पूर्वीसारखं अगदीच रडत नाही, पण नीलवर तुझ्या मीटिंगा होतील असं धरून चालू नकोस. लॅपटॉप नेऊ नकोस असं मी लिहिणार होते. लिहिलंच. संध्याकाळी वाळूत बारीक माश्या चावतात, दिसत नाहीत, नंतर दोन दिवस खाजतं. अंगभर खोबरेल लावा.

आता माझी एक गोष्ट. 1993च्या डिसेंबरात लग्नानंतर आम्ही एसटीने गोव्याला गेलो. कोकण रेल्वे अजून व्हायची होती. बाबांनीही शीट केलं होतं, वहीच्या पाठकोऱ्या पानावर. मंगेशी, म्हार्दोळ, नागेशी, रामनाथी, कवळे, एका दिवसात. माझ्या नव्या चपला चावत होत्या आणि सांगायची लाज वाटत होती. समुद्राचं नाव काढलं तर म्हणाले, "समुद्र आपल्याकडे काय कमी आहे?" तिसऱ्या दिवशी जुन्या गोव्यात आमची परतीची बस चुकली. पुढच्या बसला वेळ होता आणि समोर मांडवीत फेरी उभी होती, दिवाडीला जाणारी. बाबा म्हणाले, चल बसू, नुसतं उभं राहून काय करायचं. पलीकडे उतरलो. तिथे बघण्यासारखं आम्हाला काही माहीतच नव्हतं. भातखाचरांच्या कडेने चालत राहिलो, मग मी चपला हातात घेतल्या. बाबांनी बघितलं आणि काही न बोलता स्वतःच्याही काढून हातात घेतल्या. एका बाईंच्या पडवीत पाणी प्यायलो आणि पुढच्या फेरीने परत आलो. दीड तास असेल सगळा मिळून. त्या सहलीतली देवळं मला आता एकमेकांत मिसळलेली आठवतात, कुठलं तळं कुठल्या देवळाचं ते सांगता येत नाही. दिवाडीचा रस्ता मात्र आजही वळणासकट सांगेन.

सुधारलेलं शीट सोबत पाठवते आहे. अक्षर लागलं नाही तर मैथिलीला दाखव, तिला माझं अक्षर लागतं. हॉटेल सीतापूरच्या बाजूला घेतलंत तर सकाळी चालत किनाऱ्यावर जाता येईल, भरतपूरच्या बाजूला घेतलंत तर धक्का आणि बाजार जवळ. ते तिने ठरवावं.

तिथून रोज फोन करू नका. बोटीतून उतरलात की "पोहोचलो" एवढा एक मेसेज बाबांना टाक. ते बोटीची वेळ भिंतीवर लिहून ठेवणार आहेत.

तुझी,
आई

ता. क. तुझी पोहण्याची चड्डी इथेच माळ्यावर सापडली. इलॅस्टिक गेलं आहे. नवी घे.