एका डोळ्याचा चित्रकार

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की आईची गाडी 'जेवलीस का' वरून पुढे सरकत नाही आणि बाबांना स्पीकरवरचं अर्धंच ऐकू येतं, म्हणून लिहितेय.

शनिवारी आगगाडीने न्यू हेवनला गेले होते, येल विद्यापीठाची आर्ट गॅलरी बघायला. तिकीट नाही, कुणीही आत जावं. आई, येल हे नाव ज्याच्यावरून पडलं तो एलिहू येल मद्रासचा गव्हर्नर होता. 1718 साली त्याने कॉलेजला मालाच्या गाठी पाठवल्या, त्या विकून इमारतीला पैसे उभे राहिले. तू म्हणशील, मग आपल्याला फुकट सोडतात यात उपकार कसले!

गॅलरीची इमारत वास्तुकार लुई कान यांची, 1953 ची. बाबा, अहमदाबादच्या आयआयएमचे तेच. छतभर काँक्रीटचे नुसते त्रिकोण. तुम्ही चित्रं सोडून मान वर करून उभे राहिला असता आणि रात्री आईला बाम चोळावा लागला असता.

व्हान गॉगचं 'नाइट कॅफे' तिथेच आहे, 1888 चं. लाल भिंती, हिरवं छत, मधोमध बिलियर्डचं टेबल, घड्याळात सव्वाबारा. इंटरमिजिएटच्या पोरांना तुम्ही सांगायचात ना, लाल-हिरवा शेजारी नको, भांडतात? याने मुद्दाम भांडण लावून दिलंय. दिव्यांभोवतीचा रंग कडेने बघितला तर गिलाव्यासारखा वर आलेला. बघता बघता मी इतकी वाकले की पहारेकऱ्याने हळूच एक पाऊल मागे घ्यायला सांगितलं. लाजले जरा.

पण सगळ्यात जास्त वेळ गेला जॉन ट्रम्बुलपाशी. गॅलरीची सुरुवातच त्याच्या चित्रांनी झाली. म्हातारपणी हातात पैसा नव्हता, तेव्हा त्याने आपली चित्रं येलला दिली, बदल्यात वर्षाला 1000 डॉलर. 1832 साली गॅलरी उघडली. आपल्या चित्रांखालीच पुरावं ही त्याची इच्छा. पुढे चित्रं दुसऱ्या इमारतीत गेली तसे त्याचे अवशेषही मागोमाग हलवले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं त्याचं प्रसिद्ध चित्र मला भिंतभर वाटलं होतं. निघालं पावणेदोन फूट बाय अडीच फूट! त्यात चाळीसहून जास्त माणसं, चेहरे जेमतेम बोटाच्या पेराएवढे, तरी प्रत्येकाचं नाक वेगळं. आणि बाबा, लहानपणी जिन्यावरून पडून या माणसाच्या एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. हे सगळं त्याने दुसऱ्या डोळ्यावर काढलंय.

काचबिंदूचं निदान झाल्यापासून तुम्ही ब्रशला हात लावलेला नाही, हे आईने सांगितलंय मला. तुम्ही सांगितलं नाहीत. रागावले नाही, पण डॉक्टरांनी डाव्याबद्दल सांगितलंय, उजव्याबद्दल नाही.

सोबत दोन डॉलरची नोट ठेवतेय. मागच्या बाजूला तेच चित्र छापलंय. कपाटात जपून ठेवू नका, भिंग घेऊन बसा आणि जमतील तेवढे चेहरे काढून मला पाठवा.

आई, रंगांची पेटी माळ्यावर आहे, जुन्या गाद्यांच्या मागे. शेजारच्या पोराला सांगून काढून घे. बाबांना स्टुलावर चढू देऊ नकोस.

तुमची,
छोटी