पुळणीखालचे पाणीही तपासावे

संपादक महोदय,

फुकुशिमा येथील २०११ च्या अणुदुर्घटनेत समुद्रात गेलेल्या सीझियम-१३७ या किरणोत्सारी धातूची चर्चा बहुधा समुद्राच्या पाण्यापुरतीच होते. गोड्या पाण्यात हा धातू मातीच्या कणांना, विशेषतः अभ्रकासारखे पापुद्रे असलेल्या चिकणमातीला, घट्ट चिकटून राहतो. मात्र भरतीचे खारे पाणी त्या कणांपर्यंत पोहोचले की त्यातील सोडियम आणि पोटॅशियम सीझियमची जागा घेतात व त्याचा काही भाग पुन्हा पाण्यात उतरतो. दुर्घटनेनंतर काही वर्षांनी तेथील पुळणींखालच्या भूजलात सीझियम आढळले, ते यामुळेच. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर येण्याचा काळ, सुमारे ३० वर्षे आहे, हे ध्यानात घेऊन तारापूरसारख्या किनारी अणुऊर्जा प्रकल्पांभोवती पुळणीखालच्या भूजलाचे नमुने नियमित तपासून त्यांचे आकडे मराठीत प्रसिद्ध करावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पालघर