मधाच्या रंगाचे ग्लेझ

पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला आठ महिने उत्तर दिले नाही, याची मनाला टोचणी आहे. प्रकृती ठीक, गुडघा तसाच. काल भट्टी उघडली आणि जे दिसले ते तुझ्याखेरीज कोणाला सांगावेसे वाटेना.

पाँडिचेरीच्या गॅसभट्टीतले आपले सेलाडॉन, भांड्यांवरचे ते काचेसारखे हिरवट ग्लेझ, मी वर्षभर या विजेच्या भट्टीत उतरवू पाहत होतो. तिथे आच मोजायच्या शंकूंतला कोन 10, तापमान 1300 अंशांच्या आसपास आणि रिडक्शनची, प्राणवायू तोडलेली कोंडलेली आच. इथे कोन 6, सुमारे 1220 अंश आणि भरपूर प्राणवायू, म्हणजे ऑक्सिडेशन. दीड टक्का लोह ऑक्साइड इथे हिरवे होणार नाही हे ठाऊक असूनही हट्ट सुटेना. पहिल्या खेपेस तर ग्लेझ नीट वितळलेही नाही, खडूसारखे कोरडे राहिले. मग फेल्डस्पारचे खनिज कमी करून लवकर वितळणारे बोरॉनचे फ्रिट, ती काचेची पूड, घातले. काल तेच ग्लेझ मधाच्या रंगाचे, नितळ, कोरलेल्या रेषांत गडद साचलेले असे हाती आले. ऑक्सिडेशनमध्ये लोखंडाने पिवळे व्हावे हाच त्याचा स्वभाव आहे, असे तू त्या रात्री म्हणालास आणि मी जेवणावरून उठून गेलो. तुझेच खरे होते.

आता या भट्टीला जे साधते तेच तिच्याकडे मागायचे ठरवले आहे. कथिल ऑक्साइडात क्रोम ऑक्साइडची चिमूट घालून येणारा गुलाबी रंग आपल्या गॅसभट्टीने कधीच दिला नसता. माझा पहिला तुकडा मात्र तपकिरी निघाला, कारण त्या ग्लेझमध्ये जस्त होते. जस्त काढून चुना वाढवल्यावर गुलाबी उमलला. कोबाल्टबरोबर रुटाइल, ते टायटॅनियमचे खनिज, घातले की निळ्यावर दुधी लाटा उठतात. तांबे मात्र पेल्यांच्या आतल्या बाजूला मी लावणार नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. मधाळ ग्लेझचे तुकडे रात्री कपाटात टिणटिण वाजतात. सकाळी पाहावे तर केसासारख्या बारीक भेगा. फेल्डस्पारमधले सोडियम, पोटॅशियम थंड होताना ग्लेझला मातीपेक्षा जास्त आकसवतात, म्हणून क्वार्ट्झ पाच भाग वाढवले आणि थोडा टाल्क, म्हणजे शंखजिरे, घातला. भेगा कमी झाल्या, थांबल्या नाहीत. चाळीस पेल्यांची मागणी आहे आणि ज्यातून माणसे रोज चहा पिणार ते भेगाळलेले देणे मला मान्य नाही. प्रत्येक नमुन्यावर रात्रभर लिंबाची फोडही ठेवतो, रंग उतरतो का ते पाहायला. घरात सरबताला लिंबू उरत नाही, अशी हिची तक्रार आहे.

धाकटीला नोकरी लागल्याचे कळले, फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार.

तुझ्या निळ्या वहीत कमी आकसणाऱ्या ग्लेझचे पान होते, सरांनी पेन्सिलीने दुरुस्त केलेले. त्याचा फोटो पाठव. भेगाळलेला एक तुकडा कुरिअरने पाठवत आहे. कानाशी धरून पाहा, कदाचित अजून वाजेल.

तुझाच