कर्ते कोण, हे ग्रंथातच लिहिलेले आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील लेखात ‘गुरु नानकांनी लिहिलेला ग्रंथसाहिब’ असा शिखांच्या धर्मग्रंथाचा उल्लेख वाचला. तो घाईगडबडीत राहून गेला असेल असे समजून पुढे गेलो, तर शेवटच्या परिच्छेदात तोच पुन्हा भेटला. नानकांचे निर्वाण १५३९ चे. पाचवे गुरु अर्जनदेव यांनी हा ग्रंथ संकलित करून भाई गुरदास यांच्याकडून लिहवून घेतला आणि १६०४ मध्ये अमृतसरच्या हरमंदिरात त्याची स्थापना झाली. पुढे गुरु गोविंदसिंगांनी त्यात आपले वडील गुरु तेगबहादुर यांच्या रचना घातल्या. तेगबहादुरांचा जन्म १६२१ चा आहे. त्यांची पदे नानकांनी केव्हा लिहिली, हे लेखकमहाशयांनी कळवल्यास आमच्या ज्ञानात मोलाची भर पडेल.

माझ्या चिडीला जुने कारण आहे. आमच्या भागातील एका वाचनालयाच्या प्रश्नमंजूषेत ‘ग्रंथसाहिबाचे कर्ते कोण?’ या प्रश्नाला माझ्या मुलीने ‘सहा गुरु, तसेच कबीर, फरीद, रविदास, नामदेव आदी भक्त’ असे उत्तर लिहिले आणि त्यावर लाल फुली पडली. ‘गुरु नानक’ लिहिणाऱ्यांना पूर्ण गुण मिळाले. विचारायला गेलो, तेव्हा परीक्षकांनी पुरावा म्हणून एका वर्तमानपत्राचे कात्रण माझ्यापुढे सरकवले! ग्रंथ उघडून पाहण्याची गरज त्यांनाही वाटली नव्हती. सर्व गुरु पदाच्या शेवटी ‘नानक’ हीच नाममुद्रा घालतात, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याचा घोटाळा होऊ शकतो, हे मान्य. पण तो होऊ नये म्हणूनच तर पदांच्या माथ्यावर महला पहिला, महला पाचवा असा रचनाकार गुरूंचा क्रम दिलेला आहे, आणि भक्तांच्या रचना त्या त्या रागात गुरूंच्या रचनांनंतर त्यांच्या नावानिशी येतात.

नामदेवांचे ‘अभंग पंजाबीत अनुवादित करून’ ग्रंथात घेतले, हे लेखातील विधानही खरे नव्हे. त्यांची ६१ पदे उत्तरेकडील संतांच्या बोलीत आहेत, मधूनच मराठी वळण दाखवणारी. भैरव रागातील एका पदात त्यांना भजन करीत असता हाताला धरून देवळातून उठवतात. ते आपली घोंगडी घेऊन देवळामागे जाऊन बसतात आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड फिरवते. शिंप्याच्या कुळात जन्माला का घातलेस, हा त्यांचा देवाला केलेला प्रश्नही तेथेच आहे. ‘आपले नामदेव’ म्हणून लेखभर मिरवायचे आणि या पदाचा उल्लेखही करायचा नाही, याला काय म्हणावे?

जाता जाता एक. लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘नांदेड येथील गुरुद्वारा’ असे छापले आहे. सरोवराच्या मध्यभागी उभी असलेली ती वास्तू अमृतसरची आहे. नांदेडात १७०८ मध्ये गोविंदसिंगांनी ग्रंथाला गुरुपद दिले, ते ठिकाण गोदावरीच्या परिसरात आहे. आपला वार्ताहर येथेच राहतो. त्याला एक दूरध्वनी केला असता तरी भागले असते. दुरुस्ती छापणार असाल तर कृपया पुरवणीतच छापावी, छोट्या जाहिरातींच्या खाली नको.

आपला,
एक वाचक, नांदेड