‘९५ टक्के विश्वास’ नेमका कशावर?

महोदय,

मतचाचण्यांच्या बातम्यांत ‘अधिक-उणे ३ टक्के’ हे शब्द कुठेतरी तळाशी असतात आणि त्यांचा अर्थ क्वचितच सांगितला जातो. समजा, मुंबईतल्या १००० लोकल प्रवाशांचा यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून निवडावा तसा) नमुना घेतला आणि त्यांतील ५२ टक्क्यांनी वातानुकूलित गाड्या वाढवाव्यात असे सांगितले, तर ९५ टक्के विश्वास अंतराल, म्हणजे नमुन्यावरून काढलेला अंदाजाचा पट्टा, ५२ अधिक-उणे ३, साधारण ४९ ते ५५ टक्के येतो. यावर ‘खरे प्रमाण या दोन आकड्यांमध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के’ असे बहुतेक विद्यार्थी लिहितात, आणि शिक्षिका म्हणून मला त्याची खंत वाटते. संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी १९३७ मध्ये मांडलेली कल्पना वेगळी आहे: खरे प्रमाण स्थिर असते, बदलतो तो नमुना, आणि त्याच पद्धतीने पुन्हापुन्हा नमुने घेऊन दर वेळी अंतराल काढला, तर त्यांपैकी सुमारे ९५ टक्के अंतराल खऱ्या प्रमाणाला कवेत घेतात. हाती आलेला अंतराल त्यांतला की उरलेल्यांतला, हे कळत नाही.

५० टक्के हा आकडाही या अंतरालात बसत असल्याने ‘बहुसंख्य प्रवाशांचा पाठिंबा’ असा मथळा देणे योग्य नाही. अंतरालाची रुंदी निम्मी करायला चौपट प्रवासी लागतात. आणि प्रश्न केवळ पश्चिम मार्गावरच्या चर्चगेट स्थानकात विचारले, तर हार्बर मार्गाचे प्रवासी सुटल्याची चूक त्या रुंदीत दिसतच नाही. आपल्या दैनिकाने अशा बातमीत नमुन्याचा आकार, निवडीची पद्धत आणि अंतराल ठळकपणे छापावेत, ही विनंती.

– संख्याशास्त्राची एक शिक्षिका, दादर, मुंबई